पिवळ्या शाळेतल्या जावा

भूगोलाच्या बाई आणि गणिताच्या बाई एकाच शाळेत होत्या, आणि गेली अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्याचं कोणाला काही वाटत नसे. शाळा मोठी होती. दोन हजारांवर पोरं, चार मजले, दोन टोकांना दोन जिने, दोन शिक्षकखोल्या. भूगोलाच्या बाई एका जिन्याने चढत, गणिताच्या बाई दुसऱ्या. एवढ्या मोठ्या शाळेत माणसाला माणूस टाळायला मुद्दाम काही करावं लागत नाही. वेळेवर आलं की पुरतं.

घरी मात्र जिना एकच होता. कारण या दोघी सख्ख्या जावा. भूगोलाची थोरली, ती खाली राहायची. गणिताची धाकटी, ती वर. सासूबाई गेल्यावर घराची वाटणी झाली आणि अगदी गोडीगुलाबीने झाली. शेवटी राहिलं सासूबाईंचं लोखंडी कपाट. ते धाकटीच्या वाट्याला आलं होतं. हमालांनी उचललं, तर जिन्याच्या वळणावर अडकलं. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. भिंतीचा पोपडा निघाला, कपाट काही वळेना.

"राहू दे की खालीच," थोरली म्हणाली. "मी काय खाणार आहे ते?"

"जिनासुद्धा तुमच्याच बाजूचा निघाला म्हणायचा," धाकटी वरून म्हणाली.

कपाट वळलं नाही आणि मग कोणीच वळलं नाही. कपाट खाली राहिलं, किल्ली वर गेली. दोघी बायकांचे नवरे गच्चीवरची पाण्याची टाकी धुताना एकमेकांशी बोलून घेत. ते कोणी बोलण्यात धरत नसे.

मग शिक्षणखात्यातल्या वरच्या साहेबांच्या मनात आलं की एवढ्या गर्दीत मूल हरवतं, तर या मोठ्या शाळेच्या चार लहान शाळा कराव्यात. इमारत तीच, पण प्रत्येक मजला ही एक शाळा. प्रत्येक शाळेला आपला प्रमुख, आपले शिक्षक, आपला रंग. तळमजला हिरवा झाला, पहिला पिवळा, दुसरा निळा. तिसऱ्या मजल्यापर्यंत रंग पुरला नाही, म्हणून ती पांढरी शाळा.

थोरली निर्धास्त होती. तिला वाटणीचा अनुभव होता. वाटणीने माणसं लांब जातात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी ती पिवळ्या शाळेच्या शिक्षकखोलीत शिरली. खोलीत एकच टेबल होतं आणि टेबलाशी धाकटी बसून सफरचंद चिरत होती.

पिवळ्या शाळेचे प्रमुख सर वयाने लहान आणि नव्यानेच आलेले. त्यांची पद्धत अशी, की प्रत्येक मुलामागे दोन शिक्षकांची जोडी. घरी चौकशी कोणी करायची, अभ्यासाकडे कोणी बघायचं, हे जोडीने आपापसात ठरवायचं. दर गुरुवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून एकेका मुलाबद्दल बोलायचं. जोड्या लावताना सरांना दोघी बाईंचं आडनाव एकच दिसलं आणि त्यांना फार आनंद झाला.

"तुम्ही तर एकाच घरात राहता! तुम्हाला जेवतानासुद्धा मुलांबद्दल बोलता येईल."

विज्ञानाच्या सरांनी चहात बुडवलेलं बिस्कीट इतका वेळ धरून ठेवलं की ते तुटून तळाशी गेलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. सांगणार कोण?

थोरलीने त्याच आठवड्यात बदली मागितली. कारण दिलं, गुडघे दुखतात. पण जागा रिकामी होती ती फक्त पांढऱ्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर.

"बाई, गुडघे दुखतात म्हणून दोन मजले वर?" सरांनी विचारलं.

"चढउतार केलेली बरी असते," थोरली म्हणाली. सरांनी अर्ज पुढे पाठवला.

मंजुरी येईपर्यंत कसं निभवायचं, ते दोघींनी न बोलता ठरवलं. गुरुवारी त्या सरांच्या दोन बाजूंना बसत. थोरली म्हणायची, "सर, गणिताच्या बाईंना सांगा, दुसऱ्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही." सर डावीकडे वळून सांगत. धाकटी म्हणायची, "सर, त्यांना सांगा, दिसतो, तो बघत नाही." सर उजवीकडे वळत. दोन-तीन गुरुवारांनंतर सर मानेला पट्टा लावून येऊ लागले. म्हणाले, उशी बदलली म्हणून.

या जोडीच्या वाट्याला जी मुलं आली त्यात एक होती मुंगी. अंगाने बारीक, चालणं भरभर, तोंडातून शब्द नाही, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. ती शाळेत यायची थांबली. पहिला तास गणिताचा, हजेरी धाकटी घेई, तेव्हा जी हजेरी घेते तीच घरी विचारणार, हे थोरलीने धरून ठेवलं. मानाने मोठी कोण, तर थोरली, तेव्हा चौकशी तीच करणार, हे धाकटीने धरून ठेवलं. आठवडा गेला, दुसराही संपत आला.

गुरुवारी सरांनी विचारलं, "मुंगीचं काय?"

"सर, त्यांनी घरी विचारलंच असेल," थोरली म्हणाली.

"सर, विचारायचं त्यांच्याकडे आहे," धाकटी म्हणाली.

सरांनी या वेळी मान कुठेच वळवली नाही. समोर बघत म्हणाले, "म्हणजे कोणीच नाही?"

"दोन घरचा पाहुणा उपाशी," विज्ञानाचे सर बिस्किटाला उद्देशून म्हणाले.

"आज दोघी तिच्या घरी जा," सर म्हणाले. "दोघी."

दोघी गेल्या. रस्त्याच्या दोन कडांनी गेल्या. पण मुंगीच्या चाळीपाशी गल्ली अरुंद होती, तिथे एकामागे एक व्हावं लागलं. थोरली पुढे झाली.

दार मुंगीनेच उघडलं. कडेवर धाकटा भाऊ. खोलीत दोरीवर ओली दुपटी, स्टोव्हवर दूध. आई इस्पितळातल्या धुलाईघरात कामाला होती, तिची पाळी बदलून पहाटेची झाली होती. भावाला सांभाळणारी शेजारची मावशी रात्रपाळी करून नऊनंतर घरी यायची. म्हणजे मुंगी मोकळी होणार, तोवर शाळेचे दोन तास झालेले असणार.

"मग दोन तास उशिरा यायचंस," धाकटी म्हणाली.

"पहिला गणिताचा असतो. तो बुडला की पुढचं काही कळत नाही," मुंगी म्हणाली. "आणि मला वाटलं, कोणाला कळणार नाही."

"कळणार कसं नाही?" थोरली म्हणाली.

"मोठी शाळा होती तेव्हा बाळ झालं होतं. तेव्हा पण मी खूप दिवस आले नव्हते. कोणी नाही विचारलं." मुंगीने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुम्ही तर प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, वर्गात चांगलं लक्ष देते."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट आभार होते. थोरलीने वर दोरीकडे पाहिलं. हा शेरा ती दर वर्षी निम्म्या शाळेला देई. ज्याचा चेहरा आठवत नाही, त्याच्याबद्दल दुसरं काय लिहिणार?

दूध वर आलं. धाकटीने पटकन, पदराने न धरता, हातानेच भांडं उतरवलं आणि बोटं कानाच्या पाळीला लावली.

"चटका बसला?" थोरलीने विचारलं.

विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मधे सर नाहीत.

"नाही," धाकटी म्हणाली. तिच्याही लक्षात आलं.

आता बोललोच आहोत तर फुकट कशाला घालवा, असं थोरलीच्या मनात आलं. "माझा चौथा तास तू घे. पहिला मला दे. म्हणजे हिचं गणित बुडायचं नाही."

"पहिल्या तासाला भूगोल कोण शिकणार? पोरं अर्धी झोपेत असतात."

"चौथ्याला तरी कुठे जागी असतात!"

"आणि हिचा भूगोल?"

"हिला मधल्या सुट्टीत शिकवीन. चांगलं लक्ष देते असं लिहून बसलेय मी. आता बघायला तर हवं."

मुंगी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर दोघी रस्त्याच्या एकाच कडेने चालल्या, कारण दुसऱ्या कडेला खोदकाम होतं. मग धाकटी म्हणाली, "कपाटाची किल्ली हरवलीय."

"कधी?"

"झाली पाच-सहा वर्षं. सांगणार कशी?"

"तरीच मागायला कधी आली नाहीस," थोरली म्हणाली. "पण त्याला कुलूप कुठे आहे? हमालांनी आडवं केलं तेव्हाच बिघडलं ते. दार नुसतं लोटलेलं आहे."

"आणि तुम्ही उघडलं नाहीत?"

"दुसऱ्याचं कपाट कशाला उघडू?"

घरी आल्यावर धाकटी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकली, थोरलीच्या दाराकडे पाहिलं आणि वर गेली.

सोमवारी मुंगी आली, तिसऱ्या तासाला. सुट्टीत तिने डब्यातलं खात खात सगळे वारे आणि सगळे समुद्र ऐकून घेतले आणि एक शंका विचारली. तिचं उत्तर थोरलीला येत नव्हतं. ते तिला घरी जाऊन शोधावं लागलं.

पुढच्या गुरुवारी सर हसतमुखाने आले. मानेला पट्टा नव्हता. "बाई, तुमची बदली मंजूर झाली. उद्यापासून पांढरी शाळा."

धाकटी पेन्सिलीला टोक काढत होती, ती काढतच राहिली. टोक केव्हाच झालं होतं.

"नको," थोरली म्हणाली.

"का?"

"तिसरा मजला आहे. माझे गुडघे दुखतात."

"पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, चढउतार..."

"काही नाही हो सर, गुडघे उत्तम आहेत त्यांचे," धाकटी म्हणाली. "अकरा वर्षांत आमच्याकडे वर एकदाही आल्या नाहीत. झिजतील कशाने?"

विज्ञानाच्या सरांनी बिस्कीट वेळेवर बाहेर काढलं.

"बोलवलंस कधी?" थोरलीने सरांच्या पाठीमागून विचारलं.

"आज या. येताना कपाटातल्या सासूबाईंच्या त्या दोन रजया आणा, थंडी पडलीय. आणि उघडायला माझी परवानगी आहे, असं समजा."

"रजया तुझ्या, तूच उतरून घेऊन जा. मी फार तर एक धरीन."

सर खुर्ची मागे सरकवून दोघींच्या मधून बाजूला झाले. "पुढचं मूल?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या बाकावरचा," थोरली म्हणाली. "त्याला फळा खरंच दिसत नाही."

"बघत नाही," धाकटी म्हणाली.