दोरीवरून ठरलेलं घर

कपड्यांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्या त्या बाईला सगळं गणगोत 'टेपवहिनी' म्हणायचं. मापाची टेप तिच्या गळ्यातून जेवतानासुद्धा उतरत नसे. लग्नानंतर आठ वर्षं ती आणि तिचा क्रेन चालवणारा नवरा परदेशात राहिले. लेक सहा वर्षांची झाली आणि यंदा परतायचंच, असं दोघांनी ठरवलं. कुठे, एवढंच ठरेना.

सासूबाई फोनवर म्हणायच्या, "वरचा मजला तुमच्यासाठीच तर रिकामा ठेवलाय." मोठ्या शहरातले भाऊजी म्हणायचे, "इकडे या. आईकडे राहून काय माश्या मारणार?" नवरा दोघांनाही "बघू" म्हणायचा. त्याच्या 'बघू'वर आठ वर्षं निघाली होती.

शेवटी टेपवहिनीनेच फर्मान काढलं. "सुट्टीत तीन ठिकाणी एकेक आठवडा राहायचं. पाहुण्यासारखं नाही हं, राहणाऱ्यासारखं. धुणं धुवायचं, भाजी आणायची, शाळेपर्यंत चालून बघायचं. मापं घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

सासूबाईंकडे बेत पहिल्याच सकाळी फसला. तिने बादली उचलली, तर सासूबाईंनी ती हिसकावूनच घेतली. "चार दिवस आलीस आणि धुणं धुतेस? लोक काय म्हणतील!" आठवडाभर तिला कुणी ताटही उचलू दिलं नाही. भाऊजींनी तर पायाला माती लागू दिली नाही. शाळा दाखवली तीही गाडीच्या काचेतून.

तिसरं गाव नवऱ्याने सुचवलेलं. तिथल्या मालधक्क्यावर क्रेनवाला हवा होता. गावात ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. त्यांनी आठवड्यापुरत्या दोन खोल्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी टेपवहिनीने चादरी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकल्या, आणि टपाल कचेरीत काम करणारी शेजारीण तरातरा बाहेर आली.

"कुणाला विचारून टाकल्या? शनिवारी दोरी माझी असते!"

"दोरीवर नाव लिहिलंय का तुमचं?"

"अकरा वर्षं वाळत घालतेय मी इथे!"

पंधरा मिनिटं नुसती जुंपली. टेपवहिनीने गळ्यातली टेप काढून दोरी मापली आणि अर्धी-अर्धी वाटायला निघाली. शेजारीण म्हणाली, "मापं घ्यायला ही काय तुमच्या बापाची इस्टेट आहे?" नवरा दाराआड लेकीचे कान झाकून उभा होता.

ती आत आली तसा तो म्हणाला, "झालं. आता गाशा गुंडाळा."

टेपवहिनी मात्र हसत होती. "अहो, तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला इथली समजून बोललं. पाहुणीशी कुणी दोरीवरून भांडतं का?"

दुसऱ्या सकाळी शेजारीण दारात आली. तोंड फुगलेलंच होतं. "पोरीला शाळेत घालायचं असेल तर उद्याच अर्ज द्या. परवा मुदत संपते. सांगायचं काम केलं," म्हणाली आणि वळली.

अर्ज दिला. शाळा चालत बारा मिनिटांवर होती, आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली कापड कापायचं सहा फुटी टेबल आरामात बसत होतं. नवऱ्याने तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "बघू म्हणायचं नाही."

"मी हो म्हणत होतो," तो म्हणाला.

भाऊजी "हात दाखवून अवलक्षण" म्हणाले. सासूबाई दोन महिने रुसल्या. टेपवहिनीने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, "आई, आता तुम्ही या. आणि मी ताट उचलू देणार नाही, असं समजू नका."

सहा महिन्यांत बिऱ्हाड लागलं. टेबलावर शाळेचे गणवेश कापले जाऊ लागले, हाताखाली दोन मुली आल्या. हिवाळ्यात सासूबाई आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि दीड महिना राहिल्या. टेबलाच्या कडेला बसून भाजी निवडायच्या आणि बाह्या जरा तोकड्या होताहेत, असं रोज न चुकता बजावायच्या.