मेल्या पाण्यातले पाच मासे

खमैसकाकांच्या होडीवर मी कुसकुस शिजवते, रव्याच्या वाफवलेल्या कण्या आणि वर माशाचा रस्सा. पहिल्या वर्षी आमच्या बेटावरच्या अख्ख्या अताया गावात चर्चा झाली, की ही मबरूका, विधवा बाई, परक्या माणसांबरोबर होडीतून बेटं हिंडते. काका बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात गेले आणि भर गर्दीत म्हणाले, "तुमच्यातल्या ज्याला हिच्यासारखा माशाचा रस्सा जमतो त्याने उद्यापासून होडीवर यावं. मी हिला घरी बसवतो." कुणालाच जमत नव्हता. विषय तिथेच संपला.

काका हे असे. आवाज मोठा, तोंड फटकळ, आणि एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची सवय नाही. हा शेवटचा लोकांना गुण वाटतो. मला वाटत नाही.

होडी त्यांच्या वडिलांची, शिडाची. पुढे इंजिन बसवलं. एका वेळी पाच-सहा पर्यटक, एकमेकांच्या ओळखीचे, दिवसभर होडी त्यांचीच. सकाळी ग्रेमदी बेटावर जायचं, तिथे पोहायचं. मग पलीकडच्या छोट्या बेटावर, जिथे चार खजूर आणि पक्ष्यांची घाण याशिवाय काही नाही, तिथे मी चूल मांडते. जेवणं झाली की परत येताना काकांचा समुद्र.

हो, काकांचाच. आमच्याकडे समुद्राला मालक असतात. जमिनीसारखे वाटे, बापाकडून मुलाकडे आलेले. उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्या रोवून कुंपण घालायचं. ओहोटीबरोबर मासा कुंपणाच्या कडेकडेने सरकतो आणि टोकाला बांधलेल्या सापळ्यात शिरतो. माणसाने फक्त जाऊन सापळा उचलायचा. पण त्यासाठी पाणी हलायला हवं. पौर्णिमेला, अमावास्येला ते जोरात चढतं, जोरात उतरतं. चंद्र अर्धा असला की जागच्या जागी पडून राहतं. त्याला आम्ही मेलं पाणी म्हणतो. मेल्या पाण्यात सापळा उचलायला कुणी जात नाही. तो घरी बसून सापळे विणायचा दिवस.

काकांच्या कुंपणात मात्र कुठल्याच पाण्यात काही लागत नाही. मोठ्या बोटी तळ खरवडून गेल्या, गवत गेलं, गवताबरोबर मासा गेला. तरी दर वर्षी उन्हाळा सरला की काका नव्या झावळ्या रोवतात. आणि पाहुणे यायच्या दिवशी पहाटेच जाऊन मासेमार फरजने दिलेले जिवंत मासे आपल्या सापळ्यात घालून येतात. फरजचा वाटा खोल पाण्यात आहे, त्याला अजून थोडंफार मिळतं. पाहुणे सापळा उचलतात, मासे उसळतात, फोटो निघतात, सगळे खूश. फरज चिडवायचा, "काका, माझे मासे तुमच्या सापळ्यात जास्त आनंदी दिसतात हो." काका म्हणायचे, "तुझ्या तोंडापासून लांब आले ना, म्हणून."

बाहेरच्यांपुढे चालणारी ही गंमत होती. पण गेल्या ऑक्टोबरात त्यांची नात आली.

लुत्फी काकांचा एकुलता एक. तो चालायला लागायच्या आत त्याची आई गेली, आणि काकांनी त्याला एकट्याने वाढवलं. कसं वाढवलं ते मी शेजारच्या घरातून, भिंतीपलीकडून ऐकलंय. करपलेली भाकरी, आरडाओरडा, आणि मग दोघांचं हसणं. अर्धा चंद्र दिसला की लुत्फी अंगणात उड्या मारायचा, कारण त्या दिवशी बाप घरी. दोघं सापळे विणत बसायचे आणि पोरगं दिवसभर बडबड करायचं.

तेच पोरगं चोवीस वर्षांचं झालं आणि एक दिवस कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणालं, "बाबा, समुद्र संपला. तुम्हालाही माहीत आहे. चला, दुसरं काहीतरी बघू."

काकांनी कप आपटला. "समुद्र संपला म्हणणाऱ्याने माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. ज्या दिवशी माझा सापळा रिकामा निघेल त्या दिवशी मी स्वतः तुला सांगेन. तेव्हा ये."

लुत्फीने बापाकडे बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही सांगाल तेव्हा येईन." त्याच आठवड्यात तो गेला. समुद्रापलीकडच्या मार्से शहरात पोचला, कामाला लागला, तिथेच लग्न केलं, एक मुलगी झाली, लग्न मोडलं. वीस वर्षं तो आला नाही. काकांनी ये म्हटलं नाही. एकाच झाडाची दोन लाकडं ती, वाकणार कोण?

फोन मात्र यायचा. भिंतीपलीकडून मला फक्त काकांचं ऐकू येई. मार्से लांब आहे म्हणून ते फोनवर ओरडून बोलायचे. "चार बोय मासे लागले! एक सोनेरी कपाळाचा, हातभर!" सापळ्यात खेकडासुद्धा नसायचा. मी इकडे कपडे वाळत घालता घालता कपाळाला हात लावायची. म्हातारा मुलाला खोटं सांगतोय हे मला कळत होतं. पण तो फोन कोणत्या दिवशी येतो याच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

मग लुत्फी आजारी पडला, आणि वसंतात आला तो फेरीबोटीतून, पेटीत. काकांनी खांदा दिला, माती दिली, तोंडातून शब्द काढला नाही. नात तेव्हा येऊ शकली नव्हती. ऑक्टोबरच्या सुट्टीत तीन मित्रमैत्रिणींना घेऊन येते म्हणाली. तिच्या मागण्या दोनच होत्या. बाबांचा समुद्र बघायचा, आणि बाबांची कबर.

काकांनी क्रम ठरवला. "आधी समुद्र, मग कबर."

"का?" मी विचारलं.

"तिने बघायला हवं की समुद्र देतोय. मग तिथे जाऊन मी त्याला सांगू शकतो, की बघ, तुझ्या पोरीने डोळ्यांनी पाहिलं. नाहीतर..." त्यांनी माझ्यापुढचा एक कांदा उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "नाहीतर मबरूका, तो बरोबर होता. आणि मी त्याला उगाच घालवलं."

मी कांदे चिरत राहिले.

अडचण एकच होती. नात येणार त्या दिवशी चंद्र अर्धा. फरजच्या सापळ्यातही काही लागणार नाही. काकांनी आधीच्या आठवड्यात त्याच्याकडून पाच मासे घेऊन ठेवले, धक्क्याला बांधलेल्या पिंजऱ्यात पाण्यात जिवंत ठेवले, रोज जाऊन भाकरी चुरून घातली. त्या दिवशी पहाटे ते पाचही मासे सापळ्यात घालून आले.

"काका, मेलं पाणी आहे आज," मी म्हटलं. "निदान दोनच घालायचे होते."

"मार्सेच्या पोरीला पाण्यातलं काय कळतंय?" काका म्हणाले. त्यांनी दाढी केली होती, लग्नाला घालायची लाल टोपीसुद्धा घातली होती.

नात सीरीन होडीत चढली आणि मी हातातलं भांडं खाली ठेवून बघत राहिले. चप्पल हातात, पायाचे अंगठे बाहेरच्या बाजूला फेकत होडीच्या कडेवरून सरळ चालत गेली. लुत्फी असाच चालायचा. आणि बोलायला लागली तर आमच्याच बेटाची बोली, पण वीस वर्षांपूर्वीची. असे शब्द, जे आता फक्त कॉफीच्या दुकानातले म्हातारे वापरतात. तिच्या बापाने जेवढे नेले होते तेवढे सगळे तिला दिले होते.

"मबरूकाआत्या," मला म्हणाली, "बाबा म्हणायचे तुम्ही भिंतीवरून डाळिंबं फेकायच्या."

"फेकायची नाही, तो चोरायचा," मी म्हटलं. "बापाची बाजू घेऊ नकोस."

ती खळखळून हसली. काका सुकाणूपाशी बसून तिच्याकडे बघत होते. डोळे भरून बघणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. ग्रेमदीला पोरं पोहली. पलीकडच्या बेटावर सीरीनने कुसकुस तीनदा मागून घेतली, ऑक्टोपसचे तुकडे मैत्रिणीच्या ताटातून पळवले, आणि काकांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही का जेवत नाही?" काकांचा जीव सगळा त्या सापळ्यात अडकला होता.

दुपारनंतर आम्ही कुंपणाशी आलो. झावळ्या अजून हिरव्या होत्या. काकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "उचल पोरी. हा तुझ्या बापाचा वाटा."

तिने दोन्ही हातांनी सापळा वर घेतला. पाच मासे आत धडपडले, पाणी उडालं, तिच्या मित्रमैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. काकांचा चेहरा उजळला. वीस वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

सीरीनने माशांकडे बघितलं. मग मान वर केली. पूर्वेला, कुंपणाच्या वर, दिवसाउजेडी अर्धा चंद्र होता.

"आजोबा," ती म्हणाली, "आज तर मेलं पाणी ना?"

काकांनी टोपी सारखी केली. मग काका म्हणाले, "लागतात. कधी कधी लागतात."

ती हसली. अगदी प्रेमाने हसली, त्यात टोमणा नव्हता. "बाबांनाही तुम्ही हेच सांगायचा! ते मुद्दाम अर्ध्या चंद्राला फोन करायचे, माहितीये? स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी चंद्र बघायचे, मग फोन लावायचे. मी विचारायची, आजच का? तर म्हणायचे, 'आज मेलं पाणी आहे. आज सापळा रिकामाच असणार. आज आजोबा काही लागलं नाही म्हणाले की लगेच तिकीट काढतो.' माझ्यासाठी पोहायचा चष्मासुद्धा आणून ठेवला होता. तेव्हा मी पाच वर्षांची होते, आता तो मला होत नाही. आणि तुम्ही प्रत्येक वेळी चार बोय, एक सोनेरी! फोन ठेवून बाबा म्हणायचे, 'म्हातारा हरत नाही. पुढच्या अर्ध्या चंद्राला बघू.'"

मैत्रीण काहीतरी विचारत होती, सीरीनने तिला त्यांच्या भाषेत सांगितलं. मग पुन्हा काकांकडे वळली. "मला वाटायचं तुमचा दोघांचा खेळ आहे हा. खेळच होता ना, आजोबा?"

मला दोघांचाही राग आला. मेलेल्याचा आणि जिवंत असलेल्याचा. एकाने तोंड उघडून मी येतो म्हणायचं होतं, दुसऱ्याने एकदा, फक्त एकदा, खरं बोलायचं होतं. महिन्यात दोनदा चंद्र अर्धा होतो. वीस वर्षं होत राहिला. माझ्या डोळ्यांना धार लागली म्हणून मी चुलीची राख समुद्रात टाकायला तोंड फिरवलं.

"हो पोरी," काका म्हणाले. "खेळच होता."

त्यांनी तिच्या हातून सापळा घेतला, पाण्यात बुडवला आणि त्याचं झाकण उघडलं. पाचही मासे निघून गेले. तिचा मित्र म्हणाला, अरे, सोडले का? काका इंजिनाची दोरी ओढायला गेले, ती त्यांच्याच्याने ओढवेना. शेवटी मी ओढली.

परत येताना सीरीन माझ्याजवळ येऊन बसली. "मी काही चुकीचं बोलले का, आत्या?"

"नाही गं," मी म्हटलं. "तू बरोबर बोललीस."

कबरस्तान आमच्याकडे पाण्याला लागूनच आहे. पोरं बाहेर थांबली. सीरीनने बाटलीतलं पाणी कबरीवर शिंपडलं, हात पुढे धरून बापाने शिकवलेली प्रार्थना म्हणाली, आणि वाळूत बसून रडली. काका टोपी हातात घेऊन उभे होते. पोरीने डोळ्यांनी पाहिलं, हे त्यांना सांगायचं होतं. त्यासाठी तर सगळा खटाटोप.

ते खाली बसले, मातीवर हात ठेवला.

"लुत्फी," ते म्हणाले, "आज काही लागलं नाही."

सीरीनने रडणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला तेव्हा कळलं, तो खेळ नव्हता. तिने तोंडावर हात दाबून धरला.

"कालही नाही," काका म्हणाले. "तू गेलास तेव्हाही नव्हतं. कधीच काही लागत नाही रे."

वारा पडला होता आणि पाणी जागच्या जागी होतं. मग काका फोनवर बोलायचे तसे, मार्सेपर्यंत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "ये आता घरी."