कावळ्यांच्या ओळखीचा

"कावळा माणूस इसरत न्हाई," सिदू एकदा म्हणाला होता. टपरीवर हशा पिकला. त्याचा चुलता म्हाळू म्हणाला, "मग तुज्या लग्नात जेवायला आले कावून न्हाईत बे?"

धारूरच्या वरच्या माळावर विमान चालवायला शिकवणाऱ्यांची धावपट्टी झाली, तेव्हा सिदूचं मेंढरं चारायचं रान कुंपणाच्या आत गेलं. मेंढरं म्हाळूच्या कळपात मिसळली आणि सिदू कुंपणाच्या आत कामाला लागला. काम पाखरं हाकलायचं. पाखरू आदळलं तर विमान पडतं, एवढंच त्याला सांगितलं होतं. विमान उतरायच्या आधी तो पट्टीच्या कडेनं चालत जाई. टिटव्या शिट्टीनं उठत. घारींसाठी सुतळी बॉम्ब होता. कावळ्यांसाठी गोफण, ती घरचीच. मेलेलं कुत्रं किंवा ससा दिसला की उचलून लांब पुरायचा, नाहीतर त्यावर सगळी जमतात.

कावळे आधी त्याच्या नारिंगी जाकिटाला ओळखू लागले. मग तो जाकीट काढून गेला, तरी उडाले. तेच जाकीट दुसऱ्यानं घातलं तर बसून राहिले. पुढं गावातही तो दिसला की लिंबावर ओरडा सुरू व्हायचा.

पितृपक्षात त्याची आई रतनबाई पत्र्यावर घास ठेवी. "पित्तरास्नी दगड मारून पगार घेतो ह्यो," असं पुटपुटत त्याला म्हणे, "तू आत जा आधी. खाऊ दे त्यास्नी." सिदू आत जाऊन कणगीआड बसे. पत्र्यावर नख्या वाजल्या की बाहेर येई.

रतनबाई गेली. दहाव्याला ओढ्याच्या काठावर पिंड ठेवला. सिदूचं डोकं भादरलेलं, कमरेला ओला पंचा, जाकीट नाही, शिट्टी नाही. समोर बाभळीवर कावळे होते. एक खाली उतरला, पिंडापर्यंत आला, सिदूकडं पाहिलं आणि ओरडत उडाला. मग सगळेच उठले, ओरडत घिरट्या घालून पुन्हा बाभळीवर बसले.

"वैनी, मेंढरं इकणार न्हाई," म्हाळू हात जोडून म्हणाला.

कावळा आला नाही.

"माय, तुजी बकरी मी केजला नेते. लेकरावानी संबाळते," सिदूची बहीण शिवकन्या म्हणाली.

कावळा आला नाही. ऊन चढलं. भातावर मुंग्या आल्या.

"दर्भाचा कावळा करून शिववू का?" म्हाळूनं विचारलं.

"न्हाई. माय अडकून ऱ्हाईल." शिवकन्या सिदूकडं वळली. "दादा, ते काम सोडतो म्हण. तिचं त्येच ऱ्हाईलंय. म्हण की रे, एकडाव."

सिदूनं पिंडाकडं पाहिलं. भात. वर थोडे तीळ. रडू येत नव्हतं, कुणाचा रागही येत नव्हता. माळाकडून सकाळचं विमान उठलं. सवयीनं त्यानं विमानाच्या पोटाखालचं आभाळ पाहून घेतलं. हात कमरेला गोफण चाचपू लागला, तिथं पंच्याची गाठ लागली. बाभळीवरून कावळे त्याच हाताकडं बघत होते.

म्हाळूनं ते पाहिलं. तो काही बोलणार होता. पण पिंडापासून पोराला ऊठ म्हणून कोण सांगणार? त्यानं नजर जमिनीवर ठेवली.

"म्हण की, दादा!"

सिदूनं दोन्ही तळवे मातीवर टेकले आणि उठला.

"कुठं निगालास? आरं, पिंड सोडून जातेत का? काका, सांगा की ह्याला!"

"जाऊ दे त्याला. खाऊ दे त्यास्नी," म्हाळू म्हणाला.

सिदू ओढ्याच्या कडेनं, धावपट्टीच्या उलट्या बाजूला चालू लागला. बाभळीवरचा ओरडा थोडा वेळ त्याच्या पाठोपाठ आला, मग थांबला. मागं वळून न पाहता तो वळणाआड गेला.