चांदीचा चंबू

मावशींचा डावा डोळा माझ्या जिभेनं गेला. बाकी काय ते केमिस्ट्री.

तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची लॅब मी सांभाळायचे. आम्ही आल्डिहाइड बनवायचो, कडू बदामाच्या वासाचं, साबणात आणि अत्तरात जाणारं. तो वास केसांतून जायचा नाही, डब्यातल्या पोळीलाही यायचा. आल्डिहाइडची जातच मधल्या पायरीवरची. अल्कोहोल मागे सुटलं, आम्ल व्हायचं अजून बाकी, त्यामुळे जिवाला स्वस्थता म्हणून नाही. बूच जरा सैल राहिलं की हवेतला ऑक्सिजन ओढून बाटलीच्या तोंडाशी पांढरे खडे धरतं. चांदीचं द्रावण शेजारी आलं तर त्यातलाही ऑक्सिजन हिसकावून घेतं, आणि चांदी उघडी पडून काचेवर बसते. लख्ख आरसा. आल्डिहाइड आहे की नाही, ते आम्ही याच आरशावरून ओळखायचो.

मला ही जात आवडायची. मी सांगलीकडची, राग कायम नाकावर. हिच्या जिभेला हाड नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

त्या चांदीच्या द्रावणाचा एक नियम आहे. ताजं बनवायचं, वापरायचं, आणि उरलेलं तिथल्या तिथे आम्ल घालून मारायचं, म्हणजे निकामी करायचं. ठेवलं तर तळाला काळा गाळ बसतो आणि मग स्फोटाला नुसता धक्का पुरतो. हे मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला घोकून घेतलं होतं. मावशींना कधी सांगितलं नाही. काचा धुणाऱ्या बाईला कोण सांगत बसतं?

मावशी जवळच्या पाम गावाहून यायच्या, ठेकेदाराकडून. दिवसभर नळ्या आणि चंबू धुवायच्या. एरवी मी त्यांना अहो-जाहोच करायचे. एकदा उन्हाळ्यात साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली, चांदीची रसायनं एवढी उडतात कशी म्हणून. मी तणतणत लॅबमध्ये आले, तर मावशी उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतत होत्या. आम्ल घालून मीच ठेवलेलं, टाकायचंच होतं ते. पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी त्यांच्या हातातलं पात्र हिसकावलं आणि बेसिनमध्ये आपटलं. एक काच उडून त्यांच्या मनगटात घुसली.

"चांदी ओततेस गटारात? तुझ्या बापाची आहे का?"

त्यांनी मनगटाला पदर गुंडाळला आणि राहिलेल्या नळ्या धुतल्या. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी विसरलेसुद्धा.

खंडेनवमीला आमच्या लॅबची एक रीत होती. तराजूला झेंडूचा हार, ब्युरेटला कुंकू, आणि मधोमध एक गोल चंबू, आतून चांदी चढवलेला. प्लांटमधले लोक मुद्दाम बघायला यायचे, त्यात तोंड बघून मिशा सारख्या करायचे. त्या वर्षी मी चंबू केला आणि तेवढ्यात खाली आरतीची घंटा वाजली. निम्मं पात्र उरलं होतं. आल्यावर मारू, म्हटलं. आरती झाली, पेढे झाले, कंपनीची बस लागली. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. ते पात्र माझ्या डोक्यातून साफ गेलं.

मावशींच्या डोक्यातून गेलं नव्हतं. संध्याकाळी त्या ओटा पुसायला आल्या, तर पात्रात चांदी. ओतणार कशा? त्यांनी ती एका छोट्या बाटलीत भरली, घट्ट बूच लावलं आणि कुणाचा हात लागू नये म्हणून वरच्या फळीवर मागे ठेवली.

सोमवारी मी रजिस्टर लिहीत होते. मावशी बाटली घेऊन समोर आल्या. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"मॅडम, तुमची चांदी. एक थेंब सांडली नाय."

बाटलीच्या तळाला काळं कडं दिसत होतं. हळू आवाजात सांगायला हवं होतं. मला हळू बोलता कुठं येतं? मी किंचाळले. मावशी दचकल्या, हात हलला, आणि बाटली फुटली.

ट्रकचं टायर फुटावं तसा आवाज झाला. मग कानात नुसती शिट्टी. समोरच्या पांढऱ्या टाइल्सवर रक्ताची पिचकारी, माझ्या रजिस्टरवर रक्त, आणि मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटं जागेवर नव्हती. चेहऱ्यात काचा रुतल्या होत्या. मी त्यांना फरपटत लॅबच्या इमर्जन्सी शॉवरखाली नेलं आणि साखळी ओढली. मला वाटलं, त्या ओरडतील. त्या पुटपुटत होत्या, सांडली, सांडली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. मदतनीस महिलेने परवानगीशिवाय धोकादायक रसायन हाताळले, असं त्यात होतं. खाली माझी सही हवी होती. सही केली की मी सुटले. मावशींना भरपाई नाही आणि ठेकेदाराकडे कामही नाही. मी काही हरिश्चंद्राची अवलाद नाही. पेनाचं टोपण मी काढलं होतं. मग म्हटलं, आधी एकदा भेटून यावं, आणि कागद पर्समध्ये घालून बोईसरच्या दवाखान्यात गेले.

मावशींचं अर्धं तोंड पट्टीत होतं. डोळा काढला होता. मी विचारलं, ठेवली कशाला ती बाटली?

"ओतली असती तर तुमी मारलं असतं."

एवढंच. आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर रिपोर्ट फाडला. ते म्हणाले, करिअरचा विचार कर. मी टेबलावर पेपरवेट इतक्या जोरात आपटला की वरची काच तडकली. मग तिथंच बसून हातानं लिहिलं. द्रावण माझं, आम्ल घालायचं मी विसरले, धोका मावशींना कधी सांगितला नाही, आणि चांदी ओतली म्हणून मीच त्यांच्या अंगावर धावून गेले होते. शेवटचं वाक्य काढ, त्याचा काय संबंध, असं साहेब म्हणाले. मी काढलं नाही.

मावशींना भरपाई मिळाली आणि त्याच बेसिनवर कामही राहिलं. मला लॅबमधून उचलून स्टोअरमध्ये टाकलं. बरंच झालं. पिंपांवर ओरडलं तर त्यांना काही होत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला लॅबमध्ये सफाळ्याहून येणारा नवा केमिस्ट होता, हुशार मुलगा. चंबू नको, असं मी सांगून पाहिलं, पण रीत ती रीत. पूजेला सगळे जमलो. घंटा वाजली. त्यानं उरलेलं द्रावण भिंतीकडे सरकवलं आणि आल्यावर बघतो म्हणत हात पुसले.

मावशी दारात हार घेऊन उभ्या होत्या. हार खाली टाकून त्या तीन पावलांत त्याच्यापाशी गेल्या, दोन बोटं नसलेल्या हातानं त्याची गचांडी धरली आणि त्याला ओट्यावर दाबला.

"आत्ता मार. माज्यासमोर. ठेवायला तुज्या बापाची चांदी हाय का?"

तो माझा आवाज होता. माझीच पट्टी, माझेच शब्द. साहेब, प्लांटमधले लोक, सगळे आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. पोरानं आम्ल ओतलं. ते पुरतं मारून होईपर्यंत मावशींनी त्याची कॉलर सोडली नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बरोबर बोलले ना, मॅडम?"

राहिलेल्या एका डोळ्यानं त्या माझ्याकडे बघत होत्या. मी वाकून खाली पडलेला हार उचलला आणि त्यांच्या हातात दिला.