पाऊस न पडल्यामुळं झालेला माणूस

माणूस नावाचा प्राणी पाऊस न पडल्यामुळं तयार झाला, ही गोष्ट माझ्या धाकट्या दिरांइतकी मनाला लावून घेतलेला माणूस साऱ्या परंड्यात दुसरा नव्हता. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, शाळेत उर्दू जाऊन मराठी आली, तेव्हा ते भूगोलाचे मास्तर झाले. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं, की हवा कोरडी पडली, जंगलं विरळ झाली, म्हणून आपले पूर्वज झाडावरून उतरून दोन पायांवर चालू लागले. तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याच गोष्टीचं कारण साधं राहिलं नाही. शेजारीण तिखट बोलली, तर तिच्या पणजीच्या पणजीनं सोसलेलं ऊन. पोस्टमनची उंची बघून ते त्याच्या पूर्वजांचा पाऊस सांगत. स्वतः लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणत, "वहिनी, माझ्यावर हवेचा परिणाम अजून पुरा झालेला नाही."

माझ्या शांताला रत्नागिरीकडचं स्थळ आलं. मुलगा ओव्हरसियर. आधीची तीन स्थळं मोडली होती, हे मला मोडू द्यायचं नव्हतं. भाऊजींना बजावलं, पोहे खा आणि गप्प बसा. त्यांनी मान डोलावली.

मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणं शांताला चालून दाखवायला सांगितलं. ती चालली आणि आत आली.

"आता मुलानं चालावं," भाऊजी म्हणाले.

मुलाचे वडील टोपी चाचपू लागले. मी दाराआडून हातानं, डोळ्यांनी, शेवटी लाटण्यानं खुणा केल्या. भाऊजी त्यांना समजावत राहिले, की माणसाची हवा चालण्यातच कळते. आमची पोरगी कोरड्या हवेची, तुमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पाऊस. स्थळ गेलं, असं धरून मी चहाचं आधण उतरवलं.

तेवढ्यात मुलगा उठला आणि ओसरीभर चालला. भातखाचरात चालावं तसा, पावलं उचलून उचलून.

"चिखलातली चाल," भाऊजी म्हणाले.

"चिखलातलीच, मास्तर. तुमच्या पुतणीलाही शिकवीन."

आत शांता हसली. चार स्थळांत पहिल्यांदा. मी आधण परत ठेवलं.

पाठवणीला भाऊजींनी कुर्डुवाडीहून छत्री आणून तिच्या हातात दिली. "नव्या हवेची सवय व्हायला हजारो वर्षं लागतात. तोवर ही असू दे."

परवा शांता माहेरी आली. ढगाचा पत्ता नसताना काखेत तीच छत्री, आणि कोरड्या अंगणातही पावलं उचलून उचलून चालत होती. हजारो वर्षं काही लागली नाहीत. भाऊजींना हे मान्य झालं नसतं. पण वाद घालायला ते आता नाहीत.