तात्यांच्या हातातला नारळ

"काका, तात्या गेले. पहाटे. अनिकेत उशाशी होता." मंदारचा फोन एवढ्यावर संपला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, मंदार त्यांचा एकुलता मुलगा आणि अनिकेत मंदारचा जोडीदार. दोघे बारा वर्षे ठाण्यात एकत्र राहतात. मी रत्नागिरीहून मिळेल ती एसटी धरून राजापूरजवळच्या आमच्या वाडीत पोचलो, तेव्हा अनिकेत शेजारून आलेला चहा अंगणातल्या माणसांना देत होता आणि कोणीही नवलाने त्याच्याकडे वळून पाहत नव्हते. ही साधी दिसणारी गोष्ट कशी साध्य झाली, हे मला ठाऊक आहे. ते लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य मानतो.

तात्या सातवीपर्यंत शिकलेले, एसटीचे चालक. फाट्यावर गाडी उभी केली की आरशात पाहत बसायचे. वाहकाने घंटी दिली तरी हलायचे नाहीत. "पळत येतीय ती म्हातारी, दिसत नाय तुला?" म्हणायचे. मी हायस्कुलात शिक्षक, म्हणून मला त्यांनी जन्मभर 'मास्तर' म्हटले. कुठलाही अर्ज असो वा मंदारची शाळा, ते माझा सल्ला विचारत आणि मानत. एकदाच मानला नाही...

आमच्या भावकीची एक रीत येथे सांगायला हवी. गणपती बसला की घरातला वडीलधारा दोन्ही हातांत नारळ धरून गाऱ्हाणे घालतो, म्हणजे साऱ्या घरासाठी देवाकडे मोठ्याने मागणे मागतो. प्रत्येक मागण्यापाठोपाठ जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते. त्या वर्षी घरात आलेल्या नव्या सुनेचे नाव त्यात प्रथमच घेतले जाते. त्या नावाला भावकीने "व्हय म्हाराजा" म्हटले की ती घरची झाली. होकार मिळेपर्यंत नारळ खाली ठेवता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी मंदार अनिकेतला प्रथमच गणपतीला घेऊन आला. दोघे समलिंगी आहेत हे वाडीत कळलेच होते. कुजबुज चालू होती. आदल्या दुपारी मी तात्यांना माझ्या पद्धतीने मुद्देसूद समजावले. कायद्याची हरकत नाही. व्यक्तिशः माझीही नाही. पण भावकी दुखावेल. तेव्हा अनिकेतला पाहुणा म्हणून राहू दे, जेवू दे, फक्त गाऱ्हाण्यात नाव नको. तात्या नारळ सोलत ऐकत होते.

"झालं तुजं?"

"झालं."

"मग त्या वाती वळून दे."

भावकीच्या तिसऱ्या मुद्द्याआड मी स्वतःच लपलो होतो, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओटीवर माणसे दाटीने उभी होती. तात्यांनी पाऊसपाणी मागितले, गुरावासरांची राखण मागितली. "व्हय म्हाराजा" घुमत होते. मग ते म्हणाले, "मंदार आन् त्येचा जोडीदार अनिकेत, ह्या दोघांच्या संसाराला बरकत दे म्हाराजा."

कोणी काही बोलले नाही.

तात्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, त्याच आवाजात. अनिकेत जमिनीकडे पाहत होता. आमचा धाकटा चुलतभाऊ बाळा मागून म्हणाला, "तात्या, गाडी बंद पडली काय?" दोघेतिघे हसले.

तात्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. "गाडी चालू हाय. एक माणूस चढायचा ऱ्हायलाय."

आणि तिसऱ्यांदा तेच मागणे.

"व्हय म्हाराजा." आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. वहिनी होत्या, मंदारची आई, हात पिठाने भरलेले. मग पोरे ओरडली, मग बायका, मग पुरुष. माझा आवाज सर्वांत शेवटी निघाला. तेव्हाच तात्यांनी नारळ खाली ठेवला. बाळा त्या दिवशी जेवला नाही आणि पुढची दोन वर्षे आला नाही. तिसऱ्या वर्षी आला. अनिकेतच्याच पंक्तीला बसला. त्याविषयी आजवर कोणी एक शब्द काढलेला नाही.

त्या संध्याकाळी मी तात्यांना विचारले, "भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली तर. हात कापत व्हते, बघितलं नायस?" मग म्हणाले, "देवाला त्येचं नाव आदीच म्हायती हाय, मास्तर. सांगायचं तुमांला व्हतं."

पस्तीस वर्षे मी वर्गात उभा राहून शिकवले. एखादी गोष्ट समोरच्याला कळेपर्यंत तेवढ्याच शांतपणे पुन्हा सांगणे ज्याला म्हणतात, ते मी त्या ओटीवर पाहिले.

तेराव्याला भावकीने ठरवले की यंदापासून गाऱ्हाणे मी घालायचे. मी नावे क्रमाने वहीत लिहून काढली आहेत आणि रोज सकाळी देवघरापुढे उभा राहून म्हणून पाहतो. काल प्रथमच नारळ हातात घेतला. अनिकेतच्या नावाशी थांबलो. पुन्हा म्हटले, थांबलो. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत माझी मनगटे भरून आली. मी अडुसष्टचा आहे.

तात्या त्या दिवशी ओटीवर ऐंशीचे होते.