बावखलाचा गुंड

"मॅडम, मला गावातून काढतायत," असं म्हणत जनार्दनकाकांनी केळ्यांची फणी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी पोलिसांची नोटीस.

नोटीस तडीपारीची होती. मी एकदा नोटिशीकडे बघितलं, एकदा काकांकडे. जोराचा वारा आला तर छत्रीसकट उडून जातील असा देह!

मी वसई कोर्टात वकिली करते. तडीपारी म्हणजे काय, तेवढं सांगते. एखाद्याची गावात दहशत आहे, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी धजत नाही, असं पोलिसांना वाटलं तर त्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. नोटीस पोलीस अधिकारी काढणार, सुनावणी तेच घेणार, हुकूमही तेच देणार. एकपात्री प्रयोग! म्हणूनच सुप्रीम कोर्टाने बजावून ठेवलंय की हे असाधारण हत्यार आहे. नागरिकाच्या हिंडण्याफिरण्याच्या मूलभूत हक्कावर त्याने घाव बसतो. ताजा, ठोस आधार असल्याशिवाय ते उपसायचं नाही.

काकांचा गुन्हा काय? निर्मळ गावात त्यांच्या वाडीला लागून बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं. आसपासची केळी, सोनचाफा, भाजी सगळं त्याच्यावर जगतं. ते बुजवून रस्ता काढायचं घाटत होतं. काका दोनदा डंपरसमोर जाऊन उभे राहिले. दोन केसेस पडल्या. झाले गुंड!

"दोन वर्षांत मी मरणार नाही हो," काका म्हणाले. "पण मी गेलो की बावखल गेलं."

सुनावणीत आपले साक्षीदार देता येतात. काकांनी शेजारच्या रेजिनामावशींना आणलं. चर्चमधल्या रविवारच्या मिस्साची साडी नेसून आल्या होत्या. मी एवढंच सांगितलं, "मावशी, खरं तेच बोला."

त्या बोलल्या.

"माणूस कसा आहे?" सुनावणी घेणाऱ्या पोलीस साहेबांनी विचारलं.

"कडक! सगळं गाव घाबरतं त्यांना."

मी खोकले. मावशींना वाटलं, मी शाबासकी देतेय.

"फादरसुद्धा घाबरतात! बावखलात प्लास्टिक टाकून तर बघा, घरी येऊन बोंब मारतील. डंपरवाला त्यांना बघून रिव्हर्स घेतो, रिव्हर्स!" आणि शेजारी बसलेल्या काकांकडे बोट दाखवून, "बसलाय बघा कसा, गरीब गाईसारखा!"

काका लाजले. आमच्याकडे वडीलधाऱ्याचा वचक असणं ही मोठी स्तुती. साहेबांना ती स्तुती फारच आवडली. त्यांनी लिहून घेणाऱ्या रायटरला खूण केली. "घ्या, घ्या. शब्द न् शब्द घ्या."

मी सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे सरकवला.

"मॅडम, सुप्रीम कोर्टाला इथलं लॉ अँड ऑर्डर सांभाळावं लागत नाही."

"पण सर, तुम्हाला सुप्रीम कोर्टाचं म्हणणं सांभाळावं लागतं."

त्यांनी निकाल न उघडताच परत दिला. हुकूम निघाला: पालघर, ठाणे, मुंबई, सगळीकडून दोन वर्षं बाहेर. पोलिसांनी काकांना मुलीकडे नाशिकला पोचवलं. सरकारकडे अपील केलं, ते फेटाळलं. मग हायकोर्ट. तिथे तारखांवर तारखा. सरकारी वकील वेळ मागायचे, मी बाकावर चुळबुळायचे, आणि तिकडे काकांनी लेकीच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालघालून झाडं कुजवली. रोज फोन. "मॅडम, काय झालं? बावखल आहे ना?" मी म्हणायचे, "आहे, आहे." माझं लक्ष सगळं हुकमावर होतं.

शेवटी केस बोर्डावर आली. जजसाहेबांनी विचारलं, "दहशत आहे, हे कशावरून?"

सरकारी वकील विजयी मुद्रेने उठले. "माय लॉर्ड, त्यांचीच साक्षीदार बाई सांगते की सगळं गाव घाबरतं!"

जजसाहेबांनी साक्ष वाचली. वाचता वाचता थांबले.

"बाई हे बोलल्या तेव्हा हा भयंकर माणूस कुठे होता?"

"शेजारच्या खुर्चीत, माय लॉर्ड," मी म्हटलं. "त्यांच्याकडे बोट दाखवूनच बोलल्या."

"म्हणजे ज्याच्या भीतीने कुणी तोंड उघडत नाही, त्याला त्या तोंडावर सांगत होत्या?"

सरकारी वकील कागद चाळू लागले. कागदांत होत्या फक्त डंपरच्या दोन केसेस. माझा निकाल इथे मात्र उघडला गेला, वाचला गेला. सुप्रीम कोर्टाने घालून दिलेल्या कसोटीवर हुकूम एक मिनिटही टिकला नाही. रद्द!

काका त्याच संध्याकाळी निघाले. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन निर्मळला गेले. काका बावखलाच्या काठावर उभे. पलीकडचा कोपरा राडारोड्याने भरलेला, त्यावर रोलरसुद्धा फिरवलेला.

"आम्ही ओरडलो हो," मावशी म्हणाल्या. "पण आम्हाला कोण घाबरतं?"

पेढ्यांचा डबा कुणी उघडला नाही. मी तिथेच बांधावर बसून मनाई अर्जाचे मुद्दे मोबाईलवर टाईप करायला घेतले. कोर्टाने मनाई दिली, भराव थांबला. भरलेला कोपरा अजून तसाच आहे, त्याचा दावा चालू आहे.

आता तडीपारीची केस आली की मी अशिलाला पहिला प्रश्न विचारते, "तुम्ही कुणाच्या आड येत होता?" आणि त्या कामावर त्याच दिवशी मनाई मागते. वरचं कोर्ट माणूस परत देतं. त्याच्या पाठीमागे काय उरकलं जातंय, ते वकिलाने स्वतः जाऊन बघायचं असतं.